नजर कमी झाली, संपली नाही : अल्पदृष्टी आणि पुनर्वसन यांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे घरातील कोणीतरी दुसऱ्यासाठी लिहिलेली आहेत : मुलीने वडिलांसाठी, सुनेने सासूबाईंसाठी, आईने मुलासाठी. त्यात आश्चर्य नाही, कारण ज्याची नजर कमी झाली आहे त्याला आपण नेमके काय गमावले हेच अनेकदा सांगता येत नाही आणि पाहणाऱ्यांना ते कळत नाही. उत्तरांकडे वळण्यापूर्वी शब्दाचा अर्थ स्पष्ट करतो. चष्मा, औषधे आणि शस्त्रक्रिया यांनी शक्य तेवढी सुधारणा झाल्यावरही रोजच्या कामांना अपुरी पडणारी, परंतु पूर्णपणे न गेलेली नजर म्हणजे अल्पदृष्टी. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९२ मधील बैठकीत सेवा पुरवण्याच्या दृष्टीने जी व्याख्या ठरली, तिच्यात चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी (म्हणजे इतरांना १८ मीटरवरून दिसणारे ६ मीटरवरूनही न दिसणे), किंवा दृष्टिक्षेत्र, म्हणजे नजर स्थिर ठेवून दिसणारा परिसर, मध्यबिंदूपासून १० अंशांहून कमी, असे आकडे आहेतच. पण एखादे काम करण्यासाठी ही व्यक्ती नजर वापरते किंवा वापरू शकेल अशी आहे, हा भागही त्या व्याख्येत आहे. मला आकड्यांपेक्षा हा भाग महत्त्वाचा वाटतो, आणि पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याच आधाराने दिली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. वयोमानामुळे त्यांच्या दोन्ही डोळ्यांतील पीतबिंदूची (डोळ्यामागच्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, मधल्या भागाची) झीज झाली असून ‘आता यापुढे काही करता येणार नाही’ असे आम्हांला सांगण्यात आले. त्यानंतर आम्ही तीन वेळा चष्म्याचा नंबर बदलून पाहिला. काहीही फरक पडला नाही. पुनर्वसन म्हणजे या वयात त्यांना ब्रेल शिकवायचे का? ते आता पुस्तकाला हातही लावत नाहीत.

उत्तर : ‘काही करता येणार नाही’ हे वाक्य उपचारांपुरते खरे असू शकते, आपल्या वडिलांच्या वाचनाविषयी ते काहीच सांगत नाही. दुर्दैवाने ते अनेकदा अर्धवटच उच्चारले जाते आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ ‘आता वाचन संपले’ असा होऊन बसतो. ब्रेलचा विचार त्यांच्या बाबतीत बहुधा करावाच लागणार नाही, कारण पीतबिंदूच्या झिजेने फक्त मधली नजर जाते, कडेची नजर राहते, आणि केवळ या आजारामुळे माणूस पूर्ण अंधारात जात नाही.

चष्मा बदलून उपयोग का झाला नाही, हे आधी समजून घ्यावे. चष्म्याची काच प्रकाशकिरणांना दृष्टिपटलावर नीट आणून सोडते, त्यापलीकडे ती काही करत नाही. कागदच मधोमध फाटलेला असेल तर शिक्का कितीही नेमका मारला तरी तेवढी अक्षरे उमटणार नाहीत. म्हणून एकदा काळजीपूर्वक तपासून योग्य नंबर ठरला की पुन्हा पुन्हा नवा चष्मा करणे थांबवावे आणि उरलेल्या कागदाचा उपयोग कसा करायचा, याकडे वळावे.

हेच काम अल्पदृष्टी सेवेत होते. सुरुवात यंत्रांनी होत नाही, प्रश्नांनी होते : आपल्याला काय करायचे आहे? वर्तमानपत्र वाचायचे आहे, औषधाच्या बाटलीवरील नाव ओळखायचे आहे, सही करायची आहे, की समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखायचा आहे? या चारही कामांना चार वेगळे उपाय लागतात. त्यानंतर तपासणी होते, आणि ती नेहमीच्या तपासणीहून वेगळी असते. भिंतीवरच्या नेहमीच्या तक्त्यात सर्वांत वर एकच मोठे अक्षर असते आणि तेही दिसले नाही की तपासणी तिथेच संपते. अल्पदृष्टीसाठी बहुधा १९७६ मध्ये बेली आणि लव्ही यांनी मांडलेल्या पद्धतीचा तक्ता वापरतात, ज्याच्या प्रत्येक ओळीत पाच अक्षरे असतात आणि जो रुग्णाच्या जवळ आणता येतो. सर्व अक्षरे सारख्याच आकाराची पण फिकट होत जाणारी असा पेली-रॉबसन तक्ता १९८८ पासून उपलब्ध आहे. तो कमी-अधिक गडद छटांतील फरक ओळखण्याची क्षमता दाखवतो. पायरीची कड किंवा पांढऱ्या कपातील दूध दिसत नाही, अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुधा या क्षमतेत सापडतो, आणि ६/६० किंवा ६/३६ हा आकडा त्याबाबत फारसे काही सांगत नाही.

आपल्या वडिलांच्या बाबतीत सर्वांत उपयोगी ठरेल ते तिरकस पाहण्याचे प्रशिक्षण. मधला भाग काम करत नसल्यामुळे ज्या वस्तूकडे ते थेट पाहतात, तीच नाहीशी होते. प्रशिक्षक त्यांना समोरच्या माणसाचा चेहरा घड्याळाच्या तबकडीच्या मध्यभागी आहे अशी कल्पना करायला सांगतो आणि मग क्रमाने बारा, एक, दोन, तीन या आकड्यांकडे नजर वळवायला लावतो. कोणत्यातरी एका आकड्याकडे पाहताना चेहरा अधिक स्पष्ट होतो. दृष्टिपटलाचा तो भाग पीतबिंदूची जागा काही अंशी भरून काढू शकतो. वाचनासाठी नजर ओळीच्या वर किंवा खाली वळवणे सामान्यतः सोयीचे असते, कारण आंधळा डाग उजवीकडे सरकला तर पुढचा शब्द झाकतो आणि डावीकडे सरकला तर ओळीची सुरुवात सापडत नाही. मराठी वाचणाऱ्याला आणखी एक अडचण येते : आपल्या लिपीत मात्रा, वेलांटी, उकार आणि अनुस्वार ओळीच्या वर व खाली पसरलेले असतात, आणि अनुस्वाराचा ठिपका प्रथम नाहीसा होतो. ‘अंत’ आणि ‘अत’ यांतील फरक संदर्भाने भरून काढण्याची सवय करावी लागते. ही सवय काही आठवड्यांच्या, रोजच्या दहा-पंधरा मिनिटांच्या सरावाने होते. एका दिवसात तासभर सराव केला तर डोकेदुखी आणि निराशा एवढेच हाती येते.

उपचार बंद झाला तरी नेत्रतज्ज्ञांकडील नियमित तपासणी बंद करू नये. कोरड्या झिजेचे रूपांतर केव्हातरी ओल्या प्रकारात (ज्यात दृष्टिपटलाखाली नव्या रक्तवाहिन्यांतून स्राव होतो) होऊ शकते आणि त्या प्रकाराला वेळेवर दिलेल्या इंजेक्शनांनी आवर घालता येतो. सरळ रेषा अचानक वाकड्या दिसू लागल्या, तर पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. आणि ते पुस्तकाला हात लावत नाहीत हे केवळ दिसत नसल्यामुळे आहे असे गृहीत धरू नये; नजर गेल्यावर येणारी उदासी हाही उपचार करण्याजोगा आजार आहे. समुपदेशन हा पुनर्वसनाचाच भाग आहे आणि ते भिंग घेण्याच्या आधीही सुरू होऊ शकते.

प्रश्न : आम्ही आईसाठी खूप मोठे आणि ‘दहापट’ असे लिहिलेले भिंग आणले. तिने ते दोन दिवस वापरून कपाटात ठेवून दिले. तिचा धीर कमी पडतो, की भिंग चुकीचे आहे?

उत्तर : भिंग चुकीचे असण्याची शक्यता अधिक आहे, आणि आईला दोष देण्याचे तर काहीच कारण नाही. मोठे आणि शक्तिमान असे दोन्ही गुण एकाच साध्या भिंगात राहू शकत नाहीत : शक्ती वाढली की काचेची वक्रता वाढते आणि तिचा व्यास लहान ठेवावा लागतो. रुंद, हातभर भिंग सहसा दोन-अडीच पटींचेच असते, त्यावर काहीही लिहिलेले असो. शिवाय ‘पट’ मोजण्याची रीतही सर्व उत्पादकांची एक नाही. कोणी भिंगाच्या डायॉप्टरमध्ये (भिंगाच्या शक्तीच्या एककात) मोजलेल्या शक्तीला चाराने भागतो, तर कोणी त्यात आणखी एक मिळवतो. म्हणून पटींवर न जाता डायॉप्टर विचारावा.

किती शक्ती हवी याचा पहिला अंदाज बांधण्याची एक जुनी रीत आहे. दूरची दृष्टी ६/६० असेल, तर ६० ला ६ ने भागावे. साधारण १० डायॉप्टरच्या आसपास सुरुवात करता येते. हा अंदाज छापील वर्तमानपत्राच्या अक्षरांपुरता आहे आणि आजारानुसार त्यात बदल करावा लागतो. दुसरी गोष्ट, जी घरी कोणी सांगत नाही, ती अशी की जेमतेम ओळखता येणाऱ्या आकाराचे अक्षर वाचता आले म्हणजे पुस्तक वाचता येते असे नाही. सलग वाचायला त्याच्या सुमारे दुप्पट आकार लागतो. एकेक अक्षर जोडत बसलेला माणूस वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतो.

आता अंतराचा मुद्दा. १० डायॉप्टरचा वाचनचष्मा लावला तर कागद १० सेंटिमीटरवर धरावा लागतो आणि २० डायॉप्टरचा असेल तर ५ सेंटिमीटरवर, म्हणजे जवळजवळ नाकाला टेकवून. हे पहिल्या दिवशीच समजावून सांगितले नाही, तर माणूस नेहमीच्या अंतरावर कागद धरतो, सारे धूसर दिसते आणि वस्तू कपाटात जाते. हातभिंगाचे गणित थोडे निराळे आहे : ते कागदापासून त्याच्या नाभीय अंतरावर (१० डायॉप्टरच्या भिंगासाठी १० सेंटिमीटरवर) धरले तर डोळा दूर असला तरी अक्षर तेवढेच मोठे दिसते, पण डोळा जितका जवळ नेऊ तितके अधिक शब्द एका वेळी मावतात. त्या वेळी दूरचा चष्मा असावा. याउलट पायांवर उभे राहणारे स्टँड भिंग बहुधा जवळचा चष्मा लावून वापरायचे असते. हात थरथरत असतील, तर आईसाठी तेच बरे. ते कागदावर ठेवले की अंतर सांभाळण्याची जबाबदारी त्याची.

भिंगाच्या आधी दिव्याकडे पाहावे, असे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक वेळी ते अगदीच साधे वाटते. साठीतील माणसाच्या दृष्टिपटलावर पोहोचणारा प्रकाश विशीतील माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश असतो, कारण बाहुली आकसते आणि डोळ्यातील नैसर्गिक भिंग पिवळसर होते. छताचा दिवा बदलून फार काही साधत नाही. लहानसा वाकवता येणारा दिवा कागदाजवळ आणला, तर अंतर निम्मे झाल्यावर कागदावरचा उजेड चौपट होतो. तो चांगल्या डोळ्याच्या बाजूने यावा आणि त्याचा झोत डोळ्यात जाऊ नये. मोतीबिंदू किंवा पारपटलाचा दोष असणाऱ्यांना मात्र जास्त उजेड त्रासदायक ठरतो, त्यामुळे दिवा वाढवत नेऊन कुठे थांबायचे हे आईलाच ठरवू द्यावे. काळ्या जाड कागदात एका ओळीएवढी खाच कापून ती पानावर ठेवली, तर आजूबाजूच्या पांढऱ्या कागदाची चमक कमी होते आणि ओळही चुकत नाही. याला खर्च जवळजवळ काहीच नाही, कदाचित म्हणूनच ते कोणी सुचवत नाही.

प्रश्न : सासरे जमिनीवर पडलेली टाचणी उचलतात, पण दारात उभ्या असलेल्या नातीला ओळखत नाहीत. घरात बाकीचे म्हणतात, ते सोंग करतात. खरे काय समजावे?

उत्तर : सोंग नाही. हा प्रश्न इतक्या घरांतून येतो, आणि त्यातून इतकी कटुता निर्माण होते, की त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

नजर म्हणजे एकच एक गोष्ट नाही. बारीक तपशील पाहणे, कमी-अधिक गडद छटा ओळखणे, आजूबाजूचे क्षेत्र पाहणे, उजेड-अंधाराशी जुळवून घेणे, ही वेगवेगळी कामे आहेत आणि प्रत्येक आजार त्यांतील वेगळी कामे बिघडवतो. फिकट फरशीवरील चकचकीत टाचणी लहान असली तरी उठून दिसते. चेहरा मोठा असला तरी त्याच्यावरील नाक, ओठ, भुवया यांत छटांचा फरक फारच थोडा असतो. त्यात नात दारात, म्हणजे उजेडाकडे पाठ करून उभी. तिचा चेहरा त्यांना केवळ एक काळसर आकृती म्हणून दिसत असणार.

काही रुग्णांत आणखी चमत्कारिक गोष्ट घडते. पीतबिंदूच्या मधोमध नजरेचे एक लहान बेट शिल्लक राहते आणि त्याच्याभोवती आंधळे कडे तयार होते. अशा माणसाला बारीक अक्षर दिसते, कारण ते त्या बेटात मावते. मोठा मथळा दिसत नाही, कारण तो बेटाबाहेर जातो. मोठ्या अक्षरांचे पुस्तक आणून दिले तर तो अधिकच अडखळतो, आणि मग घरच्यांचा संशय पक्का होतो. याच्या उलट, काचबिंदू पुढच्या टप्प्यात गेलेला माणूस बारीक छपाई वाचू शकतो आणि समोर ठेवलेल्या स्टुलाला मात्र धडकतो. मधुमेहामुळे दृष्टिपटल बिघडलेल्या व्यक्तीची नजर रक्तातील साखरेबरोबर वरखाली होऊ शकते. सकाळी वाचलेले संध्याकाळी वाचता येत नाही.

घरच्यांसाठी दोन-तीन सूचना. खोलीत आल्यावर आपले नाव सांगावे. ‘ओळखा पाहू मी कोण’ हा खेळ कधीही खेळू नये. खिडकीकडे पाठ करून बोलू नये. त्यांच्या वस्तूंची जागा त्यांना न विचारता बदलू नये, आवराआवर करतानाही नाही. शक्य असेल तर अल्पदृष्टी केंद्रात जाताना संशय घेणाऱ्या मंडळींपैकी एकाला बरोबर न्यावे. तेथे आजारानुसार नजर कशी बदलते हे दाखवणारे चष्मे असतात. ते पाच मिनिटे लावून बसणे हे माझ्या पूर्ण उत्तरापेक्षा अधिक परिणामकारक होईल.

प्रश्न : उरलेली नजर जपून वापरावी, म्हणजे ती जास्त टिकेल, असे ऐकले आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही. वापराने नजर खर्च होत नाही. ही समजूत एके काळी तज्ज्ञांचीही होती. लंडनमध्ये १९०८ साली सुरू झालेल्या आणि त्यानंतर इतरत्र पसरलेल्या ‘दृष्टिरक्षक’ वर्गांत मुलांना डोळ्यांचा वापर कमीत कमी करायला लावत. नॅटली बरागा यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले की अत्यल्प दृष्टी असलेल्या मुलांना पाहण्याचा पद्धतशीर सराव दिला, तर त्यांची दृष्टी मोजमापात तेवढीच राहूनही तिचा उपयोग वाढतो. डोळे थकले तर विश्रांती घ्यावी, इतकेच.

प्रश्न : मला रेटिनायटिस पिग्मेंटोझा (दृष्टिपटल हळूहळू निकामी करणारा आजार) आहे. वय ३४. समोरचे स्पष्ट दिसते, मोबाइल वाचता येतो, पण संध्याकाळनंतर चालणे अवघड होते आणि गर्दीत लोकांना धक्के लागतात. मला पांढरी काठी घेण्यास सांगितले आहे. मी अंध नाही. मग काठी घेणे म्हणजे लोकांची फसवणूक नव्हे काय?

उत्तर : आपण फसवणूक हा शब्द वापरला, त्यामागचा संकोच मी समजू शकतो. परंतु पांढरी काठी ‘मी काहीच पाहू शकत नाही’ असे जाहीर करणारी पाटी नाही. ब्रिस्टलमधील जेम्स बिग्ज या दृष्टी गमावलेल्या छायाचित्रकाराने १९२१ मध्ये वाहनांना आपण दिसावे म्हणून आपली काठी पांढरी रंगवली, असे सांगितले जाते. म्हणजे तिचा पहिला हेतू पाहणाऱ्यांना सावध करण्याचा होता. जमीन चाचपण्याची लांब काठी आणि ती डावी-उजवीकडे फिरवत चालण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ च्या सुमारास, दृष्टी गमावलेल्या सैनिकांना शिकवताना रिचर्ड हूवर यांनी विकसित केली. या दोन्ही कामांची आपल्याला गरज आहे : आपले दृष्टिक्षेत्र नळीसारखे अरुंद झाले असल्याने पायाजवळची वस्तू नजरेच्या टप्प्यात येत नाही, आणि धक्का लागलेल्या माणसाला ते कळावे असे आपल्याकडे काही चिन्ह नाही. अनेक जण घडी होणारी काठी बाळगतात आणि दिवसा ती पिशवीत ठेवून अंधार पडू लागला की काढतात. यात काहीच गैर नाही.

काठी मात्र स्वतःच्या मनाने वापरू नये. तिची लांबी चालणाऱ्याच्या उंचीवर आणि पावलावर ठरते, आणि चलनवलनाचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय ती हातातील ओझेच ठरते. त्याच प्रशिक्षणात नजर फिरवण्याची शिस्तही शिकवतात : एखाद्या जागी शिरताना आधी थांबून डावीकडून उजवीकडे, मग जवळून दूर, असा क्रम ठरवून पाहायचे, वाटेल तसे डोळे फिरवले तर मधल्या वस्तू सुटतात. आपल्याला भिंगाचा उपयोग होणार नाही, उलट अपाय होईल, कारण मोठे केलेले अक्षर आपल्या अरुंद क्षेत्रात मावत नाही. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर पिवळसर-तपकिरी छटेच्या काचा आणि पुढे कड असलेली टोपी यांनी बराच आराम पडतो. काचांची छटा मात्र प्रत्यक्ष उन्हात उभे राहून निवडावी. खोलीत बसून निवडलेली छटा हमखास चुकते.

हा आजार हळूहळू वाढणारा आहे, त्यामुळे कौशल्ये आजच, नजर बरी असताना शिकावीत, असा माझा स्पष्ट आग्रह आहे. पडदा वाचून दाखवणारे मोबाइलमधील सॉफ्टवेअर वाचता येत असतानाच वापरू लागणे, हेही त्यातच आले. रात्री वाहन चालवणे थांबवले नसेल तर आजच थांबवावे. दिवसाही चालवावे की नाही, हे नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्र मोजून घेतल्यावरच ठरवावे.

प्रश्न : माझ्या ८१ वर्षांच्या आजीला खोलीत लहान मुले, फुलांच्या नक्ष्या आणि टोप्या घातलेली माणसे दिसतात. ती आम्हांला हे फार घाबरत सांगते. बोलणे-वागणे बाकी सर्व नीट आहे. तिला वेड लागते आहे का?

उत्तर : बहुधा नाही. नजर बरीच कमी झालेल्या माणसांत अशी दृश्ये दिसणे असामान्य नाही. चार्ल्स बॉने या स्विस निसर्गाभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या अशाच अनुभवाचे वर्णन केले आणि आज हा प्रकार त्याच्याच नावाने ओळखला जातो. आजोबा मनाने पूर्ण शुद्धीवर होते, केवळ त्यांची नजर अधू झाली होती. डोळ्यांकडून येणारी माहिती घटली की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःच चित्रे तयार करतो. ही दृश्ये मुकी असतात, आणि ती खरी नाहीत हे माणसाला समजते किंवा समजावल्यावर पटते. दृश्य दिसताच दिवा लावणे, पापण्यांची उघडझाप करणे किंवा डोळे काही वेळा वेगाने डावी-उजवीकडे फिरवणे यांनी ते अनेकदा नाहीसे होते. तरीही एकदा डॉक्टरांना सांगावेच, कारण काही औषधे आणि मेंदूचे काही आजार यांतही भास होतात. आवाज ऐकू येत असतील, भासांतील माणसे धमकावत असतील किंवा स्मरण व बोलण्यात गोंधळ असेल, तर विलंब करू नये. आजीला मात्र आजच सांगा की हे इतरांनाही होते आणि त्याला नाव आहे. या एका वाक्याने निम्मी भीती जाते.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, जन्मतः अल्पदृष्टी. वही डोळ्यांना टेकवून लिहिते. शिक्षिका सांगतात, तिच्यासाठी सर्व पुस्तके मोठ्या अक्षरांत छापून घ्या. घ्यावीत का?

उत्तर : आधी वहीविषयी. अंतर निम्मे केले की अक्षर डोळ्याला दुप्पट मोठे दिसते, आणि लहान मुलांच्या डोळ्यातील भिंग इतके लवचीक असते की जवळचेही त्यांना स्पष्ट दिसते. ती स्वतःच सर्वांत स्वस्त भिंग वापरते आहे. तिला ‘वही लांब धर’ असे रागावू नये. मोतीबिंदू काढलेल्या मुलांना ही लवचीकता नसते, त्यांना जवळचा चष्मा लागतो. वाकून वाकून मान दुखू नये म्हणून तिरका लेखनफलक द्यावा.

मोठ्या छपाईला माझा विरोध नाही, पण केवळ तिच्यावर विसंबू नये. मोठ्या अक्षरांत नकाशा मिळत नाही, सूचनाफलक मिळत नाही, मैत्रिणीची चिठ्ठी मिळत नाही. कागदावर सरकवता येणारे घुमटाकार भिंग ती आठवड्याभरात शिकेल. फळ्यासाठी हातातील चारपट दुर्बीण पाहावी. तिच्यातून एका वेळी फळ्याचा लहानसाच भाग दिसतो, म्हणून आधी दुर्बिणीशिवाय फळ्याची कड शोधणे, मग दुर्बीण डोळ्याला लावणे, मग ओळीवरून सरकणे, असे टप्प्याटप्प्याने शिकवतात. चालताना ती लावू नये. शिक्षिकांना एवढीच विनंती करावी की फळ्यावर लिहिताना त्यांनी मोठ्याने उच्चारावे, खिडकीची चमक फळ्यावर पडू देऊ नये आणि मुलीला पुढे कुठे बसायचे हे तिलाच ठरवू द्यावे. दृष्टी फारच कमी असेल किंवा आजार वाढणारा असेल, तर छपाईबरोबर ब्रेलही शिकवावे. दोन्ही एकाच वेळी शिकता येतात. ब्रेल शिकल्याने नजर वापरण्याचा कंटाळा येतो, हा समज चुकीचा आहे.

प्रश्न : पहिल्यांदा अल्पदृष्टी केंद्रात जाणार आहोत. काय घेऊन जावे आणि किती वेळा जावे लागेल?

उत्तर : आजवरचे सर्व चष्मे न्यावेत, मोडके आणि न चालणारेही. नेत्रतज्ज्ञांचे अलीकडचे कागद आणि चालू असलेल्या औषधांची नावे न्यावीत. जे काम अडते त्याचे प्रत्यक्ष साहित्य न्यावे : शिवणकाम असेल तर सुई-दोरा, पत्रे वाचायची असतील तर पत्र, पोथी असेल तर पोथी. केंद्रातील स्वच्छ छपाई वाचता आली म्हणून घरातील पिवळट पोथी वाचता येईल असे नाही. न वापरता पडून असलेली भिंगेही पिशवीत टाकावीत.

पहिली भेट लांबते, तास-दीड तास सहज जातो, त्यामुळे ज्येष्ठ व्यक्तीला सकाळी, थकण्यापूर्वी न्यावे. एका भेटीत काम संपत नाही. साधन शक्य असेल तर आधी काही दिवस घरी वापरायला मागावे आणि मगच विकत घ्यावे, कारण आपल्या खुर्चीत, आपल्या दिव्याखाली ते कसे चालते यावरच निवड ठरायला हवी. त्यानंतर सरावासाठी काही भेटी होतात, आणि शक्य असेल तेथे प्रशिक्षक घरी येऊन पायऱ्यांच्या कडांवर ठसठशीत रंगाची पट्टी, शेगडीच्या बटणांवर हाताला लागणाऱ्या खुणा, औषधांच्या बाटल्यांना वेगवेगळे रबर, अशा गोष्टी सुचवतो. नजर बदलली, किंवा नोकरी, शिक्षण अथवा घर बदलले, की पुन्हा जावे. आधी घेतलेले साधन नव्या कामाला पुरेलच असे नाही.